सांगलीचा पूर आणि कुर्ल्याचं पाणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'मावशी, आम्ही सांगलीची माणसं, पाण्याचं आम्हाला काय सांगतेस!' तू कुर्ला पश्चिमेला तळमजल्याची खोली घेतलीस, तीही मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर. भाडं एवढं कमी का, हे एजंटने सांगितलं नसणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन मेसेजमध्ये मावणारं नाही हे.

पुराची तुला सवय आहे, आणि मला काळजी आहे ती त्या सवयीचीच. कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तुमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तरी ते चढायला दिवस लागले आणि उतरायलाही. तेवढ्या अवधीत माणूस जनावरं हलवतो, कपाट रिकामं करतो, तासगावला पाहुण्यांकडे जाऊन राहतो. लवकर घर सोडणारा शहाणा, हा तुमच्याकडचा धडा, आणि तिथे तो बरोबरच आहे.

इथे पाणी गटारातून येतं आणि भरतीच्या वेळेला येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत पडला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३ मिलिमीटर! तेव्हा फोर्टात ऑफिसच्या खिडकीबाहेर नुसती भुरभुर दिसली, म्हणून कुर्ल्यात सगळं आलबेल असेल असं कधी धरू नकोस. मुंबईची जुनी गटारं इंग्रजांनी बांधली ती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी असेल तर. पुढे ५० च्या हिशेबाने कामं निघाली. पण भरती साडेचार मीटरच्या वर गेली की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही. मिठी विहार आणि पवई तलावांकडून येते आणि माहीमच्या खाडीत उतरते. खाडी तुंबलेली असली की मधल्या कुर्ला-कलिन्याने काय करायचं? पाणी पोटात ठेवायचं.

म्हणून पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही बघत जा. महापालिका दर पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ते हाताशी नसलं तर कोळ्यांचा आणि कोकणातल्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट कर, भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या. दिवसातून दोनदा भरती, मधे सहा-सहा तासांनी ओहोटी, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. मिनिटांचा हिशेब त्यात नाही, पण रेड अलर्ट आणि उधाण एकाच दुपारी येतायत एवढं कळायला कॅलेंडर पुरतं. रेड अलर्ट म्हणजे दिवसाला २०४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, ऑरेंज ११५ च्या वर. ऑरेंजला लोक हसतात. पण तेवढा पाऊस भरतीच्या दोन तासांत पडला, तर तुझ्या गल्लीला तोही पुष्कळ झाला.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पाणी तासाभरात गुडघ्याला लागतं आणि बहुतेक वेळा ओहोटी लागून पाऊस ओसरला की काही तासांत उतरतं. २००५ सारखं झालं तर दिवस-दोन दिवस. त्यामुळे इथे घर सोडून रस्त्यावर निघायचं नाही, जिना चढायचा. गढूळ पाण्याखाली मॅनहोल दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामांकित डॉक्टर गाडीतून उतरून घरी चालत निघाले होते, ते उघड्या मॅनहोलमध्ये गेले. २००५ मध्ये काचा बंद केलेल्या गाड्यांत अडकून माणसं गुदमरली. पाण्यात पडलेली विजेची तार तर दिसतही नाही. ऑफिसात असलास तर ऑफिसातच झोप, घरी असलास तर वर जा. अपवाद एकच. मिठीची पातळी वाढली की पालिकेची माणसं क्रांतीनगरसारख्या वस्त्या रिकाम्या करायला येतात. ती दाराशी आली तर हुज्जत घालायची नाही, निघायचं.

पण वर म्हणजे कोणाकडे? हे आज ठरव. दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं, तुला नावही माहीत नसणार. पुढच्या खेपेला सांगलीहून भडंग आण आणि वर नेऊन दे. आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. पाणी भरलं की तळमजल्याची माणसं त्याच दारात जायची जिथे एरवी वाटीभर साखरेची देवाणघेवाण होती. अनोळखी दार कोणी वाजवत नाही, जिन्यात बसून राहतात.

पाणी उंबरठ्याशी दिसलं की तुझ्याकडे साधारण अर्धा तास असतो. पहिलं काम मेन स्विच. पाणी सॉकेटपर्यंत चढायची वाट बघत बसू नकोस. हात-पाय कोरडे असतील तरच स्विचला हात लाव. बोर्डाखाली पाणी आलेलं असेल तर तसाच वर जा आणि वीज कंपनीला फोन कर. मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कर आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांध. रिकामा असला तर तरंगतो, घरभर आपटत फिरतो. त्यानंतर मोरी. नवीन माणसं दाराशी पोती रचत बसतात आणि पाणी मागून मोरीच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून वर येतं, तेही गटाराचं. प्लास्टिकच्या पिशवीत जुनी चादर कोंबून तिचा बोळा जाळीवर आणि भांड्यात घट्ट बसवायचा, वर रेतीची गोणी. दाराला आधी प्लास्टिकचा कागद, मग गोण्या. गोण्या अर्ध्याच भरायच्या म्हणजे त्या सपाट बसतात. घोट्याएवढं पाणी याने अडतं. गुडघ्याच्या वर गेलं तर अडत नाही. तेव्हा बादल्या उपसत लढत बसू नकोस, सामानावर पाणी सोड.

सामान मात्र पावसाळ्याआधीच वर चढवून ठेव. तांदळाचा डबा, गादी, पुस्तकं, इन्व्हर्टरची बॅटरी यातलं काहीही जूनमध्ये जमिनीवर नको. फ्रिज लोखंडी स्टँडवर. घरमालक तयार असेल तर गवंड्याकडून उंबरठ्यावर ग्रॅनाइटची पट्टी बसवून घे. निम्मा खर्च त्याच्याकडून माग, घर त्याचं आहे.

पिशवीचं म्हणशील, तर इंटरनेटवरच्या याद्या मीही वाचल्यात. तंबू, होकायंत्र, दहा दिवसांचं रेशन. कुर्ल्यात होकायंत्र घेऊन कुठे जायचंय? आपल्याला एक-दोन रात्री जिन्यावर किंवा दुसऱ्याच्या घरात काढायच्यात, तेवढीच पिशवी. पाठीवरची सॅक घे, दोन्ही हात मोकळे राहतात. त्यात टॉर्च आणि वेगळे सेल, कारण मोबाइलची बॅटरी टॉर्चवर उडवायची नाही. भरलेली पॉवर बँक, तीन-चार लिटर पाणी, चणे-शेंगदाणे-राजगिऱ्याचे लाडू, कोरडा शर्ट आणि आतले कपडे, नेहमीची औषधं, ओआरएसची पाकिटं, डेटॉल आणि पट्टी, हजार-दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत. वीज आणि नेटवर्क गेलं की दुकानदार क्यूआर कोड झाकून ठेवतो. आधार, डिग्र्या, भाडेकरार झिपच्या पिशवीत आणि त्यांचे फोटो डिजिलॉकरला किंवा ईमेलला. एका कागदावर नंबर लिही: पालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, तुझी आई, वरच्या मजल्यावरचे. मोबाइल बंद पडला की पाठ असलेला एकही नंबर नसतो तुमच्या पिढीला. पाणी उतरल्यावर लागणारं सामान वेगळ्या बादलीत आणि तेही वरच ठेव: गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, वायपर, क्लोरीनच्या गोळ्या.

पाणी उतरलं की झाडू हातात घेण्याआधी मोबाइल घे. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, प्रत्येक खोली, सगळ्याचा व्हिडिओ कर. पंचनामा करणाऱ्यांना आणि विमावाल्यांना तेच लागतं. भाडेकरूलाही नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, एकदा चौकशी कर. इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय मेन चालू नाही, फ्रिज नाही, बाइकला किक नाही. भिजलेलं धान्य टाकून द्यायचं, उन्हात वाळवायचं नाही. इमारतीची खालची टाकी धुऊन होईपर्यंत नळाचं पाणी प्यायला नको.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि पायाच्या साध्या खरचटीतून अंगात शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली. पाण्यात चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन दाखव, ते गरजेप्रमाणे डॉक्सिसायक्लिन देतात. केमिस्टकडून मनाने घेऊ नकोस. पुढच्या दोनेक आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो. ते सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून चार दिवस वाया जातात.

तुझी,
मावशी

ता. क. मीटर रूमची किल्ली वॉचमनकडे असते की सेक्रेटरीकडे, हे या रविवारी विचारून घे. आणि रेतीच्या गोण्या मे महिन्यातच भरून ठेव. जूनमध्ये ओली रेती मिळते आणि हार्डवेअरवाला भाव चढवतो.