पुलामुळे भरतीचं पाणी अडतं का?

प्रश्न: समुद्रात पूल बांधला की भरतीचं पाणी अडून किनाऱ्यावर चढतं असं ऐकलंय, खरंय का?

उत्तर: नुसत्या खांबांवरचा पूल असेल तर पाण्याची उंची सहसा फारशी बदलत नाही, खरी गडबड होते ती खांबाच्या बुडाशी. प्रवाह खांबावर आदळून खाली वळतो, तळाशी भोवरा होतो आणि तो वाळू उकरत राहतो, त्यात भरती-ओहोटीला दिशा उलटते म्हणून खड्डा दोन्ही बाजूंनी पडतो, त्यासाठीच तर तिथे मोठमोठे दगड टाकतात. मला जास्त काळजी वाटते ती भरावाची. खर्च वाचवायला खाडीच्या तोंडाशी अर्धा रस्ता भराव टाकून नेला की उरलेल्या जागेतून पाणी जोरात धावतं, आत भरती नीट पोचत नाही, गाळ साठतो, मासे आणि खारफुटी दोघांचे हाल. पण हे टाळता येतं बरं का! डेन्मार्क-स्वीडनमधला ओरेसुंड पूल २००० साली सुरू झाला, तो बांधताना बाल्टिक समुद्रात जाणारं पाणी कमी होता कामा नये अशी अटच होती, मग जेवढा अडथळा तेवढी भरपाई म्हणून समुद्राचा तळ खोदून खोल केला.