सर, हातचा राहिला

"अडलं तर सरांना विचार म्हणून रोज कानीकपाळी ओरडते, पण हा तोंड उघडेल तर शपथ!" नववी-दहावीच्या आयांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. विषय अर्थात गणित. पोराला धीट कसं करायचं, असं त्या विचारतात. पूर्वी मीही पोरालाच चार युक्त्या शिकवायचे. एका सरांनी माझी ती सवय मोडली. (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सर स्वतःहून आले होते. तालुक्याच्या हायस्कुलात अठरा वर्षं गणित. मारत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. "पण मॅडम, माझ्या तासाला पोरं चिडीचूप. समजलं का म्हटलं की एका सुरात 'हो सर'. आणि पेपर तपासायला घ्यावेत तर सगळी बोंब."

तासाची तयारी कशी करता, विचारलं. प्रत्येक उदाहरण आदल्या रात्री वहीत दोनदा सोडवायचं, मगच फळ्यावर. "अठरा वर्षांत फळ्यावर माझी एक पायरी चुकलेली नाही." हे सांगताना ते तळहात पँटला पुसत होते.

"आणि तुम्ही विद्यार्थी होतात तेव्हा?"

बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. आठवीत सहामाहीला गणितात नापास. फळ्यापाशी अडले, तेव्हा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, गवंड्याच्या पोरानं घमेली उचलावीत. वर्ग हसला. दिवाळीच्या सुट्टीत ते खरंच वडिलांबरोबर कामावर गेले. पायाची आखणी चालली होती. वडिलांनी खुंट्या ठोकून दोरी ताणली, एका बाजूवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि तिरपं माप टाकलं. 5 ला चार बोटं कमी. दोरी सरकवली, पुन्हा मोजलं, आता दोन बोटं जास्त. तिसऱ्यांदा बरोबर 5. "आला गुण्यात," म्हणजे कोपरा काटकोनात आला, म्हणाले नि तंबाखू मळायला बसले. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस! पोराचं गणित त्या दोरीपासून सुटायला लागलं.

हे सांगताना सर इतके खुलले की मला राहवलं नाही. "सर, तुमच्या फळ्यावर दोरी सरकवलेली पोरांना कधी दिसते का?"

ते बघतच राहिले. पोरांचा हिशोब सरळ असतो: ज्याला येतं तो अडत नाही, मी अडतोय म्हणजे मला येत नाही. मग हात वर करून ते गावभर कशाला करायचं?

तयारी न करता एक तास घ्या, असं मी सुचवलं. त्यांना घाम फुटला. घासाघीस होऊन शनिवारची शेवटची पंधरा मिनिटं ठरली. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 त्यांना आवडायचा, तोच घेतला. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा करायचे, उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं. संख्या पोरं देणार, म्हणजे घरून सोडवून नेण्याची सोयच नाही.

पोरांनी दिली 3524. पहिली पायरी 3087. दुसरीत 8730 वजा 378, सरांनी लिहिलं 8452. मागच्या बाकावरून, वर्षभरात आवाज न ऐकलेली मुलगी म्हणाली, "सर, हातचा राहिला."

"कान गरम झाले," सर मला म्हणाले, "पण कुणी हसलं नाही." 8352 करून पुढच्याच पायरीला 6174 आलं. तर एकाचा हट्ट, चुकलेला आकडाच पुढे नेऊ या. 8452 वरून सात पायऱ्या लागल्या आणि तिथूनही 6174! घंटा झाली तरी वर्ग उठेना.

सगळं आलबेल झालं म्हणणार नाही. पोर्शन मागे पडतो म्हणून दोन पालक येऊन गेले, आणि सर अजूनही रात्री उदाहरणं सोडवून जातात, फक्त एकदाच. पण तासाला आता आवाज असतो. आणि आया आल्या की मी आधी विचारते, घरी तुमचं काही चुकलेलं त्यानं शेवटचं कधी पाहिलं?

वडिलांची गोष्ट वर्गात सांगितलीत का, असं परवा फोनवर विचारलं. "अजून नाही. दहावीला पायथागोरस सुरू होईल तेव्हा दोरी घेऊन जाईन म्हणतो," म्हणाले.