अपडेट वेगळं, अपग्रेड वेगळं (आणि वाय दाबायच्या आधी काय वाचायचं)

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. गिरगावात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टीम), नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं आणि पॅक रोजच्या दीड जीबीचा. जुन्या छापील मराठी कागदांचं ओसीआर (स्कॅनमधून मजकूर काढणं) करायला टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर टाकायचं होतं, व्हिडिओवाल्याने सांगितलं आधी अपडेट आणि अपग्रेड मारा, तुम्ही मारलं, दुपारी डेटा संपला आणि टेसरॅक्ट राहिलं ते राहिलंच. आता विचारताय की एक सॉफ्टवेअर टाकायला अख्खी सिस्टीम अपग्रेड करावीच लागते का.

नाही लागत. व्हिडिओवाले सगळे तेच सांगतात कारण त्यांच्याकडे फायबर असतं.

(कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय आणि कीबोर्ड मराठी आहे, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरात टाका.)

आधी तुमच्या अर्धवट राहिलेल्या अपग्रेडचं बघू. डाउनलोड चालू असतानाच नेट गेलं असेल तर काही बिघडलेलं नाही, कारण एपीटी (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) आधी सगळी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) उतरवून घेतं आणि मगच बसवायला लागतं. पूर्ण उतरलेली पॅकेजेस व्हार, कॅश, एपीटी, अर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये पडून असतात, पुढच्या वेळी तीच वापरली जातात, म्हणजे डेटा अगदीच पाण्यात गेला नाही. पण बसवणं चालू असताना लॅपटॉप बंद पडला असेल तर एकदा 'सुडो डीपीकेजी हायफन हायफन कॉन्फिगर हायफन ए' मारून घ्या (सुडो म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, बाकीची कमांड अर्धवट बसलेलं पूर्ण करते).

आता मूळ घोळ. 'एपीटी अपडेट' काहीही अपग्रेड करत नाही. ते फक्त रेपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठारात) आज काय काय आहे, कुठलं व्हर्जन आहे, ती यादी आणतं. दुकानाचं नवं रेटकार्ड मागवल्यासारखं, त्यात खरेदी काही होत नाही. ही यादी आणणं मात्र टाळू नका, कारण रेपॉझिटरीत नवीन व्हर्जन आलं की जुनी फाइल बऱ्याचदा तिथून काढून टाकतात आणि तुमच्याकडची यादी महिन्याभरापूर्वीची असेल तर एपीटी ती जुनी फाइल शोधायला जातं आणि फोर-झीरो-फोर (फाइल सापडली नाही) घेऊन परत येतं, मग लोकांना वाटतं नेट खराब आहे. अपडेट झाल्यावर खाली एक ओळ येते की अमुक इतकी पॅकेजेस अपग्रेड करता येतील. ती वाचून घाबरायचं नाही, फलाटावरची अनाउन्समेंट आहे ती, प्रत्येक गाडीत चढायलाच पाहिजे असं नाही.

'एपीटी अपग्रेड' मात्र खरोखर सगळं बदलतं. तुमचा डेटा यानेच खाल्ला.

आणि 'एपीटी इन्स्टॉल' या दोघांच्या मधलं आहे, इथे जरा थांबून समजून घ्या. ते तुम्ही नाव दिलेलं पॅकेज टाकतं, त्याला लागणारी लायब्ररी (ज्याच्या जिवावर ते चालतं ते सहायक पॅकेज) नसेल तर टाकतं, आणि असलेली लायब्ररी जुनी पडत असेल तरच तेवढी अपग्रेड करतं. बाकीच्या शंभर-दोनशे पॅकेजेसना हात लावत नाही. पण तुम्ही ज्याचं नाव दिलंय ते आधीच टाकलेलं असेल तर 'इन्स्टॉल' त्याला गुपचूप नव्या व्हर्जनवर नेतं, हे लक्षात असू द्या. बरेच जण यावर 'नो-अपग्रेड' हा ऑप्शन लावा म्हणतात, पण तो फक्त कमांडमध्ये नाव लिहिलेल्या पॅकेजला थांबवतो, मागून येणाऱ्या लायब्ऱ्यांना नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा रंगीत तालीम करा. 'एपीटी इन्स्टॉल हायफन एस टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर', शेवटचं एमएआर म्हणजे मराठीची डेटा फाइल. हायफन एस लावलं की नुसतं काय होईल ते दाखवतं, खरं काही होत नाही, सुडोसुद्धा लागत नाही. त्यात 'इन्स्ट'ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. नावापुढे चौकोनी कंसात जुनं व्हर्जन दिसलं तर ते पॅकेज अपग्रेड होणार, कंस नसेल तर ते नवीन येणार. वर आकड्यांची एक ओळ येते, इतके अपग्रेडेड, इतके न्यूली इन्स्टॉल्ड, इतके टू रिमूव्ह, इतके नॉट अपग्रेडेड. पहिला आणि तिसरा आकडा शून्य असला की डोळे मिटून पुढे जा, शेवटचा दोनशे असला तरी फरक पडत नाही. मग हायफन एस काढून, सुडो लावून खरी कमांड मारा, तेव्हा विचारतं की किती एमबी उतरवायचे आहेत, तो आकडा बघा आणि मगच वाय (म्हणजे येसचं अक्षर) दाबा. डेटा अजून वाचवायचा असेल तर 'हायफन हायफन नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावा, मग 'असलेलं बरं' छापाची जास्तीची पॅकेजेस येत नाहीत. आणि हायफन वाय (न विचारताच सगळ्याला हो) लावायची सवय असेल तर आजच सोडा, नेटवरून कॉपी केलेल्या कमांडमध्ये तो हमखास असतो आणि मग वाचायला काही उरतच नाही.

हे एवढं तावातावाने सांगतोय कारण मी स्वतः आपटलोय. दादरला मामेभावाचा क्लास आहे, तिथल्या कॉम्प्युटरला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला वाय-फाय डोंगल होता, त्याचा ड्रायव्हर मी हाताने कंपाइल करून बसवला होता आणि डीकेएमएस (ड्रायव्हर आपोआप परत बनवणारी सोय) वगैरे करायचा कंटाळा केला होता. रविवारी संध्याकाळी एक छोटं सॉफ्टवेअर टाकायला गेलो, सवयीने अपग्रेड पण मारलं, त्यात नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला. सोमवारी सकाळी मशीन चालू केलं तर वाय-फाय गायब, कारण ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनवलेला, आणि बाहेर पोरं टेस्टसाठी बसलेली. ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूच्या) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला तेव्हा सुटलो. मामी अजून चहा देताना विचारते, आज काही अपग्रेड नाही ना करायचं.

तुमच्याकडे असं नाजूक काही चालू असेल, प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणा, तर 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' आणि पुढे पॅकेजचं नाव, म्हणजे अपग्रेड मारलं तरी ते जागचं हलत नाही. २२.०४ डेस्कटॉपवर कर्नल बहुतेक 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' या नावाने येतो, तो पण होल्ड करता येतो. काय काय होल्डवर आहे ते 'एपीटी-मार्क शोहोल्ड' दाखवतं, सोडायला 'अनहोल्ड'. पण कर्नल वर्षभर होल्डवर ठेवून विसरून जाऊ नका, त्यात सिक्युरिटीचे फिक्सेस असतात, आणि पुढे कधी 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' म्हणून एरर आली तर आधी आपलीच होल्डची यादी बघा.

पीपीएच्या (बाहेरच्या लोकांनी ठेवलेल्या रेपॉझिटरीच्या) वाटेला शक्यतो जाऊ नका. २२.०४ मध्ये टेसरॅक्ट ४.१.१ मिळतं, कोणीतरी तुम्हाला सांगणारच की ५ चांगलं आहे, पीपीए टाका. पीपीए टाकला की त्यात असलेली सगळी पॅकेजेस उबुंटूच्या पॅकेजेसशी बरोबरीने स्पर्धेत उतरतात, दोघांची प्रायॉरिटी ५००, मग ज्याचं व्हर्जन मोठं तो जिंकतो, म्हणजे तुम्ही एक मागितलं आणि पुढच्या अपग्रेडला त्याच्या चार लायब्ऱ्या पण बदलल्या. आधी ४ वर काम होतंय का बघा. डेबियनवाल्यांनी (उबुंटू ज्यावर उभं आहे ती सिस्टीम) स्टेबल म्हणजे पक्क्या आवृत्तीत टेस्टिंगची रेपॉझिटरी घुसडणं हा याचाच थोरला भाऊ, तो तर नकोच.

आता हॉटस्पॉटचं, कारण तुम्ही काहीही न करता पण डेटा जातो. उबुंटूमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स म्हणून प्रकार आहे, तो सिक्युरिटी अपडेट्स आपोआप घालतो, आणि तो मी बंद करायला सांगणार नाही. वाय-फायच्या सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या डिटेल्समध्ये 'मीटर्ड कनेक्शन' अशी एक खूण आहे ती करून ठेवा, मग तो हॉटस्पॉटवर गप्प बसतो. स्नॅप (एपीटीच्या बाहेरची, स्वतःहून अपडेट होणारी पॅकेजेस) याची गोष्ट वेगळी, ते दिवसातून चार वेळा नवीन काही आलंय का बघतं, आणि २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅपच आहे, म्हणजे एपीटी कितीही सांभाळलं तरी हा मागच्या दाराने येतो. त्याला 'सुडो स्नॅप सेट सिस्टीम रिफ्रेश डॉट मीटर्ड इज इक्वल टू होल्ड' असं सांगून ठेवा. मग महिन्यातून एकदा कुणाकडे तरी घरच्या वाय-फायवर लॅपटॉप न्या आणि तिथे सावकाश अपग्रेड करा, यादी वाचून.

२४.०४ वर जा म्हणून खिडकी उघडली तर ती बंद करा, २२.०४ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे. आणि 'फुल-अपग्रेड' म्हणजे नवीन उबुंटू असा समज आहे काही जणांचा, तसं नाहीये, ते फक्त गरज पडली तर पॅकेजेस काढून पण टाकतं.

एक इशारा, हे सगळं उबुंटू, डेबियन, मिंट यांचं. तुमचा भाचा आर्च (वेगळ्या पद्धतीचं लिनक्स) वापरतो म्हणालात, त्याला यातलं काही सांगू नका, तिकडे नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज टाकलं तर सिस्टीम मोडू शकते, त्यांच्यात अपग्रेड करायचं तर सगळं एकदम.

टाकून झालं की कागद ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि 'टेसरॅक्ट', फाइलचं नाव, आउटपुटचं नाव, 'हायफन एल एमएआर' असं चालवा, मध्ये इंग्रजी पण असेल तर एमएआर प्लस ईएनजी. तालमीत पहिला किंवा तिसरा आकडा शून्य आला नाही तर वाय दाबू नका, त्या 'इन्स्ट'वाल्या ओळींचा फोटो काढून दाखवा, मी दहाच्या पुढे घरी असतो.