दिलीप प्रभावळकर यांच्या अभिनयप्रवासाबद्दल थोडक्यात सांगाल का?

जन्म १९४४ चा, शिक्षण विज्ञानाचं. घराघरांत ते पोहोचले दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मुळे. त्यात ते चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण माझ्या मते त्यांची खरी ताकद ‘हसवाफसवी’ या नाटकात दिसते. लेखनही त्यांचंच आणि त्यात सहा भूमिका! त्यातले थकलेले नटवर्य कृष्णराव हेरंबकर पाहताना हसता हसता गळा दाटून येतो.

सिनेमात ‘चौकट राजा’मधला निरागस, गतिमंद नंदू (१९९१) आणि ‘झपाटलेला’मधला खलनायक तात्या विंचू (१९९३), दोन वर्षांत ही दोन टोकं एकाच माणसानं गाठली, हे मला आजही थक्क करतं. पुढे त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर ‘श्रीयुत गंगाधर टिप्रे’ ही मालिका आली. त्यातले आबा कित्येकांना घरातलेच आजोबा वाटले. ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी (२००६) आणि ‘शेवरी’ या चित्रपटातली भूमिका यांसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ही त्यांनीच लिहिला. आणि २०२५ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, ‘दशावतार’ या चित्रपटात चक्क मुख्य भूमिका! सुरुवात करायची असेल तर आधी ‘चौकट राजा’ पाहा.