मिश्र जंगलात पाने कमी खाल्ली जातात का?

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात सुरगाण्याकडे जाताना सागाची पाने अळीने खाऊन पार जाळीसारखी झालेली दिसली, लगतच्या मिश्र जंगलात मात्र पाने धड होती. उलट, चीनमध्ये झाडांची विविधता वाढली तशी पाने अधिक खाल्ली गेली, असे वाचले. यांतले खरे काय, आणि बेटांवरील जंगलात काय घडते? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण पाहिले तेही खरे आणि वाचले तेही खरे, कारण पाने खाणारे कीटक एका प्रकारचे नसतात. सागाच्या पानांची जाळी करणारी अळी प्रामुख्याने सागावरच जगते, म्हणून सलग सागवानात तिला अन्न शोधावे लागत नाही. रिचर्ड रूट यांनी १९७३ मध्ये कोबीवर्गीय भाजीच्या वाफ्यांवरील कीटकांच्या अभ्यासातून हेच मांडले होते : खाद्य एकवटलेले असेल तर त्यावरच अवलंबून असलेला कीटकही तेथे एकवटतो. याउलट जे कीटक अनेक झाडांची पाने खातात, त्यांना मिश्र जंगलात आलटून पालटून खाद्य मिळते. चीनच्या चेजियांग प्रांतातील जंगलांचा जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विविधतेबरोबर रोपट्यांच्या पानांचे नुकसान वाढलेले आढळले, त्यामागे अशा बहुभक्षी कीटकांचा वाटा असावा असे मला वाटते.

बेटांवर याच्या जोडीला जागेचा प्रश्न येतो. त्याच चेजियांगमध्ये १९५९ साली धरणाचे पाणी चढले आणि डोंगरमाथ्यांची हजाराहून अधिक बेटे झाली. बेट लहान असले की त्यावर झाडांच्या जाती सहसा कमी असतात, त्यामुळे एकाच झाडावर जगणाऱ्या कित्येक कीटकांना तेथे थाराच मिळत नाही. पण पक्षी, कोळी, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या हे शिकारीही घटले, तर उरलेल्या कीटकांना आवर घालणारे कोणी राहत नाही. व्हेनेझुएलातील गुरी जलाशयाचे उदाहरण मला फार अस्वस्थ करते. तेथील लहान बेटांवर शिकारी प्राणी उरले नाहीत आणि पाने कातरणाऱ्या मुंग्या, इग्वाना, हाउलर माकडे यांची दाटी लगतच्या मुख्य भूमीच्या १० ते १०० पट झाली, असे जॉन टेरबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नोंदवले. (या मुंग्या पाने स्वतः खात नाहीत, त्यांवर बुरशी पिकवतात, पण झाडाची हानी तीच.) तेथे नवी रोपे जगेनाशी झाली. म्हणून बेटावर नुसत्या झाडांच्या जाती मोजून पानांच्या नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही.

आपल्या निरीक्षणात एक दुरुस्ती मात्र सुचवतो. मिश्र जंगलातील ऐन किंवा धावडा धड दिसला, तरी त्यावरून सागाच्या अळीबद्दल काहीच ठरत नाही, कारण ती त्यांच्या वाटेला जातच नाही. पुढच्या खेपेस मिश्र जंगलातील सागाची पाने पाहा, आणि त्यांची तुलना सलग सागवानातील तेवढ्याच उंचीच्या झाडांच्या पानांशी, शक्यतो एकाच दिवशी, करा.