केवळ मांसावर प्रकृती टिकते का?

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. जिममधल्या मित्रांचे ऐकून गेले चार महिने तो फक्त मटण, चिकन, अंडी आणि तूप खातो. सुटीत घरी आला तेव्हा त्याने रश्शातल्या फोडी तेवढ्या निथळून घेतल्या, भाकरीला हातही लावला नाही. वजन उतरले आहे, पण पोट साफ होत नाही. ‘एस्किमो पिढ्यान्‌पिढ्या मांसावरच जगले’, असे तो म्हणतो. हे कितपत खरे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे निराधार नाही, मात्र ते अर्धवट आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट (म्हणजे एस्किमो) लोकांमध्ये अनेक वर्षे राहिलेले संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस खाण्याचा प्रयोग केला आणि दोघांपैकी कोणालाही स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग) झाला नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्टेफान्सन यांनी सुरुवातीला चरबी काढलेले मांस खाल्ले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी वाढवताच ते सावरले. त्यांच्या ताटात यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि हाडांतला मगजही असे, आणि इन्युइटांना क जीवनसत्त्व मिळत असे ते कच्च्या यकृतातून आणि व्हेलच्या कातडीतून. चिकनच्या फोडी आणि उकडलेली अंडी यांनी ही उणीव भरून निघत नाही. अंड्यांत तर क जीवनसत्त्व नसतेच.

शिवाय प्रयोगात माणसे दोनच होती आणि त्याच्या खर्चाला अमेरिकेतील मांसउद्योगाच्या संस्थेचे साहाय्य होते, हे मला महत्त्वाचे वाटते. एका वर्षात स्कर्व्ही होतो की नाही हे कळते, परंतु रक्तवाहिन्यांत साचत जाणारे कोलेस्टेरॉल आपला परिणाम दाखवायला वीस-तीस वर्षे घेते. मटणाची चरबी आणि तूप यांमधील संपृक्त मेदामुळे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढते, काहींच्या बाबतीत फारच वाढते. आणि दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, म्हणून २९ हे वय निर्धास्त राहण्याचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि लाल मांस संभाव्य कर्करोगकारक ठरवले. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे.

वजन उतरले ते खरेच. मात्र पिठूळ आणि गोड पदार्थ बंद झाले की सुरुवातीला शरीरातले पाणीही बरेच कमी होते आणि प्रथिनांमुळे भूक मंदावते. बद्धकोष्ठामागे तंतुमय पदार्थांचा अभाव हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे, कारण मांसात तंतू नसतातच.

मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्याला लिपिड प्रोफाइल, युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन या तपासण्या करायला लावा, आणि एलडीएल वाढलेले निघाले तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. मटण सोडण्याची गरज नाही. आठवड्यातून एखादे वेळी बेताचे मटण, एरवी मासे किंवा अंडी, आणि त्याबरोबर भाकरी, उसळ, पालेभाजी, लिंबू पिळलेली कोशिंबीर असे जेवण त्याला चालू करा. मुतखड्याचा जुना त्रास असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र तपासणीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना विचारा.