मुलगी संध्याकाळी टीव्ही स्टेशनवर जाते, अभ्यासाचं काय?

"मुलगी दहावीत आहे. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी गावच्या टीव्ही स्टेशनवर असते, यायला रात्र होते. गणितात मार्क घसरलेत. हे बंद करायला सांगावं का?" मॅसॅच्युसेट्समधले मराठी पालक हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत विचारतात. कधी स्टेशनच्या जागी नाटक असतं, कधी वाद्यवृंद. पण टीव्ही म्हटलं की आवाजातली काळजी दुप्पट होते, हे मी बरेचदा पाहिलंय. सई नावाच्या एका मुलीच्या निमित्ताने त्याबद्दल लिहिते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला सई आणि तिचे आईबाबा या तिघांचीही परवानगी आहे.

सईचे बाबा मूळचे सांगलीचे, आई पुण्याची. बॉस्टनच्या आसपासच्या एका गावात पंधरा-सोळा वर्षं राहतात. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत दोघंच आले. बाबांनी शाळेच्या पोर्टलवरचे मार्क छापून आणले होते. आई मुख्यतः एकच गोष्ट सांगत होती : "ताई, तिथे मोठी माणसं असतात. साठीचे स्वयंसेवक असतात. ही पंधरा वर्षांची. नक्की काय चालतं आम्हाला कळतच नाही." बाबांचं म्हणणं वेगळं होतं. इथल्या दहावीला आपल्यासारखी बोर्डाची परीक्षा नसते, पण कॉलेजं हायस्कूलच्या चारही वर्षांचे मार्क बघतात. अकरावीचं वर्ष तोंडावर आलेलं. "कॅमेरा धरून पुढे काय होणार आहे? आणि टीव्हीत शिरलेली मुलं अभ्यासाकडे परत वळत नाहीत."

त्यांच्या मनातला टीव्ही कोणता, हे मी आधी विचारून घेतलं. मुंबई दूरदर्शन १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. या दोघांचं बालपण वरळीच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या कार्यक्रमांवर गेलं. नंतर खाजगी वाहिन्या आल्या, मालिका आल्या, लहान मुलांच्या गाण्या-नाचण्याच्या स्पर्धा आल्या. म्हणजे टीव्ही ही एकतर सरकारची गोष्ट, नाहीतर पैशाची आणि प्रसिद्धीची. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला २००२ साली शैक्षणिक संस्थांसाठी आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांसाठी वाट खुली झाली. पण गावकऱ्यांनी चालवायच्या टीव्ही वाहिनीची तशी व्यवस्था भारतात नाही. त्यामुळे इकडे आलेल्या आईबाबांच्या डोळ्यांपुढे तिचं चित्रच उभं राहत नाही, आणि चित्र नसलं की मन वाईटातलं वाईट रंगवतं.

अमेरिकेतली व्यवस्था अशी आहे. केबल कंपनीला गावाच्या खांबांवरून आणि रस्त्यांखालून तारा न्यायच्या असतात, त्यासाठी गावाचा परवाना लागतो. त्या बदल्यात गाव तिच्याकडून फी मागू शकतं आणि नागरिक, शाळा व नगरप्रशासन यांच्यासाठी राखीव वाहिन्याही मागू शकतं. १९७२मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) मोठ्या शहरांच्या केबल कंपन्यांना अशा वाहिन्या सक्तीच्या केल्या, १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला तो अधिकार नाही असा निकाल दिला, आणि १९८४च्या केबल कायद्याने तो हक्क गावांच्या हाती दिला. फीची मर्यादा कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या ५ टक्के. मॅसॅच्युसेट्समध्ये कितीतरी गावांत या पैशावर एक छोटं स्टेशन चालतं : दोन-चार पगारी माणसं, बाकी स्वयंसेवक आणि शाळकरी मुलं. गावात राहणारा कुणीही प्रशिक्षण घेऊन कॅमेरा घरी नेऊ शकतो, स्वतःचा कार्यक्रम करू शकतो. शाळा समितीची बैठक, नियोजन मंडळाची सुनावणी, शाळेचा फुटबॉल सामना, ज्येष्ठांचा व्यायाम हे सगळं तिथे दिसतं. लोक केबल सोडून इंटरनेटवर बघू लागल्यापासून ही फी आटत चालली आहे आणि अनेक स्टेशनं काळजीत आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या बरोबरीने खरं काम देणाऱ्या जागा मुळातच कमी आहेत.

हे ऐकून आई जरा सैल झाली. बाबा झाले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. मार्क तर घसरले होते.

सई एकटी भेटली तेव्हा ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली आणि बराच वेळ एका शब्दात उत्तरं देत राहिली. इंग्रजी बोलते, चिडली की मराठी. अभ्यासाचा विषय मी काढलाच नाही. स्टेशनवर तू नक्की काय करतेस, पहिल्या मिनिटापासून सांग, एवढंच म्हटलं. मग ती बोलायला लागली. कॅमेरा लावायचा, पांढरा कागद धरून त्याचा रंग जुळवून घ्यायचा. हेडसेट घालायचा. कंट्रोल रूममधून दिग्दर्शक म्हणतो, "कॅमेरा दोन तयार," मग "घेतला," आणि आपल्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो. दिवा लागला की हलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. दिवा विझला की पुढच्या माणसावर जायचं, तो बोलायला लागायच्या आत.

मी विचारलं, "चुकलं तर?"

"तर कानात सांगतात. डावीकडे घे, डोकं कापलंय. मी घेते. झालं." मग मराठीत म्हणाली, "काकू, तिथे चूक अर्ध्या मिनिटात संपते. घरी तीन दिवस चालते."

मी ते वाक्य तिच्यादेखत लिहून घेतलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी बाबांनी आणलेली पोर्टलची पानं पुढ्यात घेतली, एका लांब कागदावर रेघ मारली आणि महिने टाकले. वर मार्क, खाली आयुष्यात काय झालं ते. अशा तक्रारीत मी हे हमखास करते, कारण घरातल्या भांडणात दोन गोष्टी कुठल्या क्रमाने घडल्या हे सगळे विसरलेले असतात. गणित 'ए'वरून 'बी मायनस'ला आलं ते नववीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. स्टेशनची उन्हाळी कार्यशाळा जुलैमधली. म्हणजे घसरण आधी, कॅमेरा नंतर. दहावीत मार्क तसेच राहिले होते, आणखी खाली गेले नव्हते.

"फेब्रुवारीत काय झालं?" या प्रश्नावर ती खूप वेळ गप्प राहिली. सहावीपासूनच्या तिघी मैत्रिणींनी तिला वगळलं होतं. भांडण नाही, काही नाही. ग्रुप नवा केला, तिला घेतलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीत बसायची, कारण कॅफेटेरियात ट्रे घेऊन कुठल्या टेबलाकडे जायचं हा प्रश्न असायचा. गणिताच्या वर्गात त्यातल्या दोघी तिच्या पुढच्या बाकावर होत्या. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. जूनमध्ये मुलगी नुसती घरात बसून असते म्हणून लायब्ररीतलं पत्रक बघून त्या कार्यशाळेत तिचं नाव घातलं, ते आईनेच.

हे आईबाबांना मी सांगू की तू सांगशील, असं मी तिला विचारलं. तिने स्वतः सांगायचं ठरवलं. पुढच्या भेटीत रेघेचा तो कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला आणि बोट ठेवून सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा कागदाकडेच बघत राहिले. मग त्यांनी फक्त विचारलं, "जेवत होतीस ना पण?"

आता पालकांच्या प्रश्नाचं उत्तर. मूल एखाद्या गोष्टीला घट्ट धरून बसलेलं असेल, तर ती सोडवण्याआधी ते कशापासून वाचण्यासाठी तिला धरून आहे हे बघा. सईचं स्टेशन काढून घेतलं असतं तर गणित सुधारलं नसतं. आठवड्यात जिथे कुणीतरी तिची वाट बघतं अशी ती एकुलती एक जागा होती, तीच गेली असती. आणि कुणीतरी वाट बघणं हे या वयात फार मोठं आहे. फोनवर तीन तास रील बघणं आणि तीन तास शाळा समितीची बैठक चित्रित करणं, दोन्हीत पडदाच असतो म्हणून दोन्ही सारखीच, असं पालक म्हणतात तेव्हा मी ठामपणे नाही म्हणते. दुसऱ्या ठिकाणी ती आली नाही तर एक कॅमेरा रिकामा राहतो.

पण आईची शंकाही खरी होती, आणि अशा शंका 'चांगली संस्था आहे हो' म्हणून झटकू नयेत. तिला मी स्टेशनवर जाऊन विचारायचे प्रश्न दिले. मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांची राज्याच्या नोंदीतून गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली आहे का? इथे ती तपासणी रुळलेली आहे, विचारायला संकोच नको. मूल एका प्रौढाबरोबर बंद खोलीत एकटं राहील अशी वेळ येते का? बाहेरच्या चित्रीकरणाला कुणाच्या गाडीतून नेतात? निरोप कुठल्या ग्रुपवर जातात, आणि त्यात पालकांना घेता येतं का? समन्वयक बाईंनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली, आणि निरोपांच्या ग्रुपमध्ये पालकांना घ्यायची सूचना लगेच मान्य केली.

आणखी एक गोष्ट मीच काढली. मुलांच्या गटाला शाळेतल्या ताणावर कार्यक्रम करायचा होता आणि सई एका मैत्रिणीची मुलाखत घेणार होती. असे कार्यक्रम आता वाहिनीबरोबर इंटरनेटवरही चढतात आणि तिथेच राहतात. पंधराव्या वर्षी धीटपणे सांगितलेली गोष्ट विसाव्या वर्षी नकोशी होऊ शकते. मुलीची आणि तिच्या पालकांची लेखी संमती हवीच, पण कागदावर सही झाली म्हणून काम संपत नाही. संकलन झाल्यावर मुलाखत तिला दाखवायची आणि हवं ते काढायची मुभा द्यायची, असं सईने गटात मांडलं. त्या मुलीने एक मोठा तुकडा काढायला लावला. गट नाराज झाला, कारण तोच तुकडा सगळ्यात चांगला होता. सईने तो काढला.

वेळेचं बोलणं मात्र कडक झालं. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते असं इथले निद्रातज्ज्ञ सांगतात. सईला जेमतेम साडेसहा मिळत होती. बैठका लांबतात, अंदाजपत्रकाच्या दिवसांत तर अकरा वाजतात. ठरलं ते असं : शाळेच्या आठवड्यात दोनच संध्याकाळी, आणि नऊ वाजता बैठक चालू असली तरी कॅमेरा मोठ्या स्वयंसेवकाकडे द्यायचा. सई यावर बराच वाद घालत होती. मध्येच सोडणं तिला कामचुकारपणा वाटत होता. समन्वयक बाईंनीच तिला सांगितलं की कॅमेरा नीट सोपवणं हाही कामाचाच भाग आहे. ते तिला आमच्यापेक्षा त्यांच्याकडून पटलं. गणितासाठी शाळेतच शिक्षकांकडे दर बुधवारी जायचं आणि पुढच्या सत्रात वर्ग बदलून मागायचा. तो बदलून मिळाला.

बाबांना मी एकच काम दिलं होतं, एक पूर्ण बैठक कंट्रोल रूममध्ये बसून बघायची. ते गेले. नंतर मला त्यांनी जे सांगितलं त्यात कॅमेऱ्याचं फारसं नव्हतंच. त्या दिवशी सई पडद्याच्या खालच्या पट्टीवर येणारी नावं टाइप करत होती. बोलण्यासाठी रांगेत एक तेलुगू बाई होत्या, आडनाव लांबलचक. सई खोलीतून उठली, सभागृहात गेली, त्यांच्याकडून स्पेलिंग कागदावर लिहून घेतलं आणि त्या माइकपाशी पोचायच्या आत परत येऊन नाव टाकलं. "आमचं आडनाव इथे इतक्या वर्षांत कुणी धड लिहिलं नाही," बाबा म्हणाले, "आणि हिला ते सुचलं."

कॉलेजचं त्यांनी पुन्हा विचारलंच. मी खरं ते सांगितलं. बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकीला जेमतेम दीडशे अक्षरं. त्या ओळीत स्टेशन बसेल, पण त्यावर प्रवेश मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अर्जासाठी म्हणून तिला तिथे ठेवू नका आणि अर्जाला उपयोग नाही म्हणून काढूही नका. हे उत्तर त्यांना पुरतं आवडलं नाही. गणित सध्या 'बी प्लस'वर आहे, त्यांना 'ए' हवा आहे, आणि त्यावरून घरात अजून कुरबुर होते.

मैत्रिणी परत आल्या नाहीत. स्टेशनवरचा एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही दुसऱ्या शाळेतले, आता शनिवारी घरी येतात. आई त्यांना पोहे खाऊ घालते. उन्हाळ्यात सईला लहान मुलांच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून बोलावलं आहे. बाबांना त्याच आठवड्यांत परीक्षेच्या तयारीचा वर्ग हवा आहे. पुढच्या भेटीत तिघंही वेळापत्रक घेऊन येणार आहेत.